सात तारखेचे पैसे

आमच्या घरात प्रत्येकाचे पैसे वेगळ्या वेळी यायचे. बाबांचा पगार सात तारखेला. बाळकाकाचे पैसे ठेकेदार उगवेल तेव्हा. आई आणि काकीचे गणपती बसल्यावर, तेही वर्षभरात घेतलेली उचल वळती करून जे उरेल ते. आत्याचे पापडांचे शनिवारी, चिल्लरीसकट. थोरल्या काकांची मुंबईहून मनिऑर्डर, ज्या महिन्यात गिरणीत बदली मिळाली असेल त्या महिन्यात. आजीचे कधीच नाहीत, आणि पहाटे सगळ्यांत आधी चूल तीच पेटवायची.

आम्ही चुलत-आते भावंडं आता पन्नाशी ओलांडून बसलो आहोत. एकत्र जमलो की बोलणं फिरून या तारखांवर येतं. सात तारखेनंतरचा रविवार म्हणजे मटण. किराणावाला बाबांच्या नावावर महिनाभर उधार देई. बाळकाका त्याच कंपनीत, त्याच पाळीला जायचा, पण त्याच्या नावावर वही उघडायला तो वाणी तयार नव्हता. वाण्याला कामगार कायद्यातलं काही कळत नसेल, पण कोणाची मिळकत किती भरवशाची हे तो कुठल्याही अर्थशास्त्रज्ञाआधी ओळखायचा.

ही सात तारीख कुठून आली ते आम्हाला फार उशिरा कळलं. १९३६ सालच्या वेतन कायद्यात हजाराहून कमी माणसं असलेल्या कारखान्याने महिना संपल्यावर सातव्या दिवसाच्या आत पगार दिला पाहिजे अशी अट होती. इंग्रजांच्या राज्यात झालेला तो कायदा रोह्याजवळच्या धाटावपर्यंत पोचला आणि तिथून दर महिन्याला पेणच्या आमच्या स्वयंपाकघरात यायचा. पण यायचा तो एकाच माणसाच्या खिशातून.

घर मूळचं पेणचं नव्हे, खारेपाटातलं. आजोबांची भाताची खाचरं खाडीच्या बांधाआड होती. एका उधाणात बांध फुटला आणि शेतात खारं पाणी शिरलं. खारं पाणी एकदा शिरलं की जमीन पुढची काही वर्षं रुसते. काही दिवस आजोबा मिठागरावर गेले, मग बिऱ्हाड पेणला हललं. शेत सुटलं, पण दहा माणसांनी दहा ठिकाणांहून थोडं थोडं आणून एका चुलीवर शिजवायचं, ही शेतकऱ्याच्या घराची रीत सुटली नाही. पुढची चाळीस वर्षं आम्ही तग धरला तो या रीतीवर.

धाटावची एमआयडीसी सत्तरच्या दशकात उभी राहिली. रसायनांचे कारखाने आले आणि कुंडलिकेकाठच्या हवेला एक वास आला. बाबा तिथल्या एका कंपनीत आधी टेम्पररी लागले आणि नंतर कायम झाले. कायम झाल्याचं पत्र आलं त्या दिवशी आजीने रोह्याला जाऊन धावीर महाराजांना नारळ फोडला. मग रोह्यालगतच्या अष्टमीत एक खोली घेतली. बाबा आठवडाभर तिकडे आणि सुटीच्या दिवशी पेणला, असं दोन चुलींचं आयुष्य सुरू झालं. १९८६ साली रेल्वे रोह्यापर्यंत आली आणि शाळेच्या सुटीत आम्हा पोरांचं गाठोडं पॅसेंजरमध्ये टाकणं सोपं झालं. रोह्याच्या खोलीत आम्हाला दोन पास दिसायचे, दोन खिळ्यांवर टांगलेले. बाबांचा कंपनीचा, फोटो आणि नंबर असलेला. बाळकाकाचा ठेकेदाराचा, दुसऱ्या रंगाचा, दर काही महिन्यांनी नवा.

कंपनीच्या गेटातून दोघे भाऊ बरोबर आत जायचे आणि आत गेल्यावर वेगळे व्हायचे. बाबा ऑपरेटर. बाळकाका ड्रम हलवायचा, टाक्या धुवायचा, गोणी फोडून माल ओतायचा, आणि ऑपरेटर सुटीवर असला की व्हॉल्वही तोच फिरवायचा. बाबांना गणवेश, गमबूट, कँटीनचं जेवण आणि दिवाळीला मिठाईचा पुडा. बाळकाकाला घरचा डबा. पगार बाबांच्या निम्म्यालाही पोचत नसे. वर्षात २४० दिवस भरले की कामगाराचे काही हक्क सुरू होतात, म्हणून त्याआधीच त्याला ‘ब्रेक’ मिळायचा. ब्रेकच्या दिवसांत तो पेणला येऊन घराची कौलं चाळायचा. आम्हा मुलांना वाटे, काकाला सुट्ट्या किती मिळतात!

कंत्राटी कामगारांचा कायदा १९७० सालीच झाला होता. ठेकेदाराचा माणूस कायम कामगाराचंच काम करत असेल तर त्याला तेवढाच पगार द्यावा, असं महाराष्ट्राच्या नियमांत छापलेलं होतं. तो नियम बाळकाकाला युनियनच्या एका कार्यकर्त्याने वाचूनही दाखवला होता. मात्र युनियन कायम कामगारांची होती. दर करारात पगार वाढायचा आणि करारानंतर ठेक्याची माणसं वाढायची, हे सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. बाबाही नाही. आमच्या पिढीतले काही जण यासाठी बाबांना अजून माफ करत नाहीत. मला वाटतं, बाबा बोलले असते तर घरातली ती एक सात तारीखही गेली असती, आणि हा हिशेब बाळकाकाने बाबांच्या आधीच मांडलेला होता. त्याने भावाला कधी बोलायला सांगितलं नाही.

त्या सात तारखेवर घर किती अवलंबून होतं, ते बाबांच्या फंडाच्या चिठ्ठ्या चाळताना कळतं. भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेत तेव्हा एक कलम होतं: सात वर्षं सभासद असलेल्या कामगाराला स्वतःच्या, मुलाबाळांच्या किंवा भावाबहिणीच्या लग्नासाठी फंडातून पैसे काढता येत. ज्याने कोणी हे लिहिलं त्याला आपली घरं माहीत होती. आत्याचं लग्न त्यातून झालं, आणि पुढे बाळकाकाचंही. फंड कापला जायचा एकाचा आणि मांडव पडायचे सगळ्यांचे.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एका रात्रपाळीत बाळकाकाच्या पायावर रसायन सांडलं. पायात रबरी चप्पल होती. ठेकेदाराच्या माणसाला अपघात झाला तरी भरपाईची जबाबदारी मूळ मालकावर येते, हे १९२३च्या कायद्यात होतं. पण ठेकेदाराच्या मस्टरवर त्या रात्री काकाच्या नावापुढे खाडा पडलेला निघाला. कामावर नसलेल्या माणसाला अपघात होत नाही. ठेकेदार घरी आला, आजीच्या हातात पाकीट दिलं, चहा प्यायला आणि गेला. बाबांनी फंडातून काही मिळतं का ते पाहिलं. आजारपणाच्या कलमात सभासद स्वतः, बायको, मुलं आणि आईवडील होते. लग्नातला भाऊ कायद्याला माहीत होता, भाजलेला भाऊ माहीत नव्हता. शेवटी काकीची पाटली गेली.

थोरल्या काकांची गोष्ट याच्याही आधीची आणि लांबची. ते गिरणगावात बदली कामगार होते. पाळी सुरू व्हायच्या आधी दारात जाऊन उभं राहायचं, कोणी कायम कामगार आला नसेल तर त्याच्या साच्यावर जायचं, नाहीतर परत खोलीवर. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली. बदलीवाल्याने संप करायचा म्हणजे काय, असं आजी विचारायची. त्याला रोज कामावर नसण्याची सवयच. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या मागण्यांत बदलीवाल्यांना कायम करण्याचीही मागणी होती, आणि काका त्यासाठीच गेले होते. वर्षभराने ते ट्रंक घेऊन पेणला आले. संप मागे घेतल्याचं कोणी जाहीर केलं नाही, काकांना कामावरून काढल्याचंही कोणी कळवलं नाही.

काकीने मात्र गिरणीचा तिकीट नंबर आणि हजेरीचं कार्ड पिठाच्या डब्याखाली जपून ठेवलं. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरं देण्याची योजना आली, तेव्हा १ जानेवारी १९८२ला किंवा त्यानंतर पटावर असल्याचा पुरावा मागितला गेला. म्हाडाकडे दीड लाखाच्या आसपास अर्ज गेले. काकांचाही गेला. अजून सोडत लागलेली नाही, काका तर गेलेही. अर्ज जिवंत आहे.

पण पेण हे रिकाम्या हातांना फार दिवस बसू न देणारं गाव. गणपतीचे कारखाने दारोदार. हमरापूर, जोहे, कळवे ही गावंच्या गावं गणपतीवर जगतात. काका आधी दुसऱ्याच्या कारखान्यात ओतकामाला गेले आणि नंतर आमच्याच पडवीत त्यांनी स्वतःचा कारखाना मांडला. साच्यात काथ्या घालून प्लास्टर ओतायचं, जुळवणी करायची, पॉलिश पेपरने घासायचं, सफेदा मारायचा, अंगाचा रंग, शेडिंग, सोनेरी दागिने, आणि सगळ्यांत शेवटी डोळ्यांची आखणी. आखणीला पुरुष कारागीर यायचे, नगावर पैसे घ्यायचे आणि त्यांची मिजास सांभाळावी लागे. घासकाम बायका-मुलींचं, हजेरीवर. १९७६चा समान वेतनाचा कायदा इथे कोणाला आठवायचा नाही, कारण काम समान नाही असं सगळेच म्हणायचे. आईच्या केसांत, पापण्यांवर पांढरी धूळ असायची, आणि पावसाळ्यात तिचा खोकला सुरू व्हायचा. मुकुटावरचा सोनेरी रंग तिच्याइतका सफाईने कोणाला जमत नसे. तिचं नाव मात्र कुठल्याही वहीत कारागीर म्हणून नव्हतं. घरच्या बाईला हजेरी कसली?

एका वर्षी आईने काकांना म्हटलं, “आम्हालापण सात तारखेला द्या की, भावोजी.” काका हसले. “गणपती काय सात तारखेला विकले जातात, वहिनी?”

यात चलाखी होती आणि खरंही होतं. काकांना मुंबईचा व्यापारी माघ-फाल्गुनात आगाऊ रक्कम द्यायचा, त्या बोलीवर भाव पाडून घ्यायचा, आणि उरलेले पैसे विसर्जनानंतर द्यायचा. मूर्ती फुटली तर काकांची. पाऊस लांबून रंग सुकला नाही तर काकांचा. व्यापाऱ्याने जोखीम काकांवर ढकलली आणि काकांनी ती घासकाम करणाऱ्या पोरींवर ढकलली. पोरींच्या खाली आणखी कोणी नव्हतं, म्हणून ती तिथेच राहिली. गिरणीच्या दारात उभं राहिलेला माणूस मालक झाला की अधिक दयाळू होतो, असा आमचा समज होता. तो काकांनी मोडला. हे मी रागाने म्हणत नाही. त्यांचं गणित पाहिलं तर त्यातून दुसरं उत्तर निघत नव्हतं.

मग कॉम्प्रेसर आला. स्प्रेने रंग मारता येऊ लागला, काम वाढलं, माणसं वाढली. कोणीतरी काकांना सांगितलं की वीज वापरून दहा माणसं झाली की कारखान्यांचा कायदा लागतो, आणि वीस झाली की फंड. काकांनी पडवीच्या मधोमध कुडाची भिंत घातली. एका बाजूचा कारखाना स्वतःच्या नावावर, दुसरा काकीच्या. दोन पाट्या, एकच कॉम्प्रेसर. आम्ही पोरं भिंतीखालच्या फटीतून ब्रश इकडे-तिकडे सरकवायचो. आता कागदावर एका बाजूला आठ, दुसऱ्या बाजूला सात. कामगार अधिकारी आले, मोजून गेले, जाताना घरच्यासाठी एक छोटी मूर्ती घेऊन गेले. सुरक्षेची अट डोकी मोजून लावायची ठरली की सगळे डोकी लपवायला शिकतात. त्यासाठी माणूस लबाडच असावा लागतो असं नाही. आमच्या घरात तरी तो नव्हता.

बाहेर या सगळ्याचा अभ्यास आधीपासूनच चालू होता. १९७२ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचं पथक केनियात गेलं आणि त्याने लिहिलं की शहरांतले टपरीवाले, कारागीर, फेरीवाले बेकार नसून कष्ट करत आहेत, सरकारी नोंदीत तेवढे दिसत नाहीत. हे तात्पुरतं आहे, उद्योग वाढले की हे लोक कारखान्यांत सामावतील, असं त्या वेळी पुष्कळांना वाटे. आमच्याकडे धाटाव वाढलं, नागोठण्याला पेट्रोकेमिकल्स आलं, डोलवीला पोलाद आलं. माणसं सामावली ती बहुतेक बाळकाकासारखी. अर्जुन सेनगुप्ता यांच्या आयोगाने २००४-०५ची आकडेवारी तपासली. देशातल्या सुमारे ४६ कोटी काम करणाऱ्यांपैकी ९२ टक्क्यांना कसलंच संरक्षण नव्हतं, आणि संघटित म्हणवणाऱ्या उद्योगांच्या आतसुद्धा जवळपास निम्मे कामगार तसेच होते. ते निम्मे कोण, हे समजायला आम्हाला अहवाल उघडावा लागला नाही.

घराच्या उंबऱ्यापलीकडेही एक पायरी होती. वाडीवरची एक कातकरी बाई आमच्याकडे सरपण आणि खेकडे घेऊन यायची. आम्ही तिला मावशी म्हणायचो. आजी तिला तांदूळ, पोहे, जुनं लुगडं द्यायची. पैसे क्वचित, आणि ती दुसऱ्या घरी जाऊ नये अशी आजीची अपेक्षाही असायची. दसरा झाला की मावशी दिसेनाशी व्हायची. तिचा नवरा वीटभट्टीवाल्याकडून उचल घ्यायचा आणि सगळं कुटुंब पोराबाळांसकट भट्टीवर जायचं, ते थेट मृगाच्या तोंडावर परत. बऱ्याचदा उचल फिटलेली नसायची, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर. वेठबिगारी १९७६ साली कायद्याने संपली. मावशीचा मुलगा आमच्या एका भावाच्या वर्गात होता, पण वर्गात असायचा तो पावसाळ्यापुरता. आईही उचल घ्यायची आणि मावशीही. आई संध्याकाळी हात धुऊन आपल्या घरात यायची. मावशीची रात्रही भट्टीवालाच ठरवायचा.

ऑगस्ट २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं की एखाद्या कामातली ठेका पद्धत सरकारने बंद केली, तरी ठेक्याचे कामगार आपोआप कंपनीचे होत नाहीत. १९९६च्या निकालाने जी दारं किलकिली झाली होती, ती लागली. धाटावमध्ये काही जणांनी त्या आशेवर कागद जमवले होते. बाळकाकानेही जुने पास एका पिशवीत ठेवले होते, सगळ्या रंगांचे. त्या दिवाळीत त्याने काम सोडलं आणि तो काकांच्या पडवीत बसला. सतरा वर्षांच्या नोकरीचा त्याच्याकडे एकही कागद असा नव्हता ज्यावर कंपनीचं नाव आहे.

बाबा निवृत्त झाले तेव्हा ग्रॅच्युइटी मिळाली, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराप्रमाणे. तिच्यातून घरावर स्लॅब पडला. पेन्शनचा मात्र कोणी हेवा करावा असं काही नाही. १९९५च्या योजनेत किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे, ते २०१४पासून. बाबांचं त्याहून थोडंसंच जास्त. पेन्शनच्या दिवशी ते बँकेतून येताना अजून पेढे आणतात आणि अर्धं पेन्शन तिथेच संपतं, असं आई म्हणते. असंघटितांसाठी २०१९मध्ये पेन्शन योजना आली ती १८ ते ४० वयाच्यांसाठी. बाळकाका तेव्हा साठीला टेकला होता.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं. टाळेबंदीमुळे उत्तरेकडचे कारागीर आधीच गावी गेले होते. वादळाने कारखान्याचे पत्रे नेले आणि घासून ठेवलेला माल भिजला. वर सरकारने मूर्तींची उंची मंडळांसाठी चार फूट आणि घरांसाठी दोन फूट ठरवली, तेव्हा मोठे साचे निरुपयोगी झाले. पुढच्या वर्षी ई-श्रमचं पोर्टल आलं. काकीने सेतूत जाऊन नोंद केली, कार्ड लॅमिनेट करून पिठाच्या डब्याखाली ठेवलं. ती जागा अशा गोष्टींचीच. प्लास्टरच्या मूर्तींवरच्या बंदीचा वाद न्यायालयात गेला. जानेवारी २०२५मध्ये उच्च न्यायालयाने बंदी काटेकोर पाळायला सांगितलं, जूनमध्ये मूर्ती बनवायला मुभा दिली, पण विसर्जन नैसर्गिक पाण्यात नको असं सांगितलं. खाडीकाठी वाढलेल्या आम्हाला पाण्याचं म्हणणं पटतं. मधल्या चार-पाच महिन्यांत ज्या बायकांना कामावर बोलावलं नाही, त्यांचे खाडे कोणाच्या खाती मांडायचे, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. कारखान्यावर माल पडून राहिला, त्याची निदान बातमी झाली.

२१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्यायचं, ठरावीक मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, या गोष्टी चांगल्या आहेत. कारखान्याचा आकडा मात्र दहावरून वीसवर गेला आहे. ठेकेदाराला परवाना लागतो तो पन्नास माणसांपासून. माणसं कमी करताना सरकारची परवानगी लागायची ती शंभरावर, आता तीनशेवर. काका असते तर त्यांनी कुडाची भिंत काढून टाकली असती आणि पडवी मोठी केली असती.

आत्याची नात गेल्या महिन्यात धाटावला लागली, प्रयोगशाळेत. बी.एस्सी. आहे. नियुक्तीपत्र मिळालं ते पुण्याच्या एका एजन्सीचं, अकरा महिन्यांचं. रविवारी सगळे जमलो होतो, तेव्हा तिने ते बाळकाकाला वाचायला दिलं. त्याने चष्मा पुसून चारही पानं वाचली आणि विचारलं, “मस्टर कुठे असतं?”

“मस्टर नाही आजोबा, ॲप आहे. गेटवर चेहरा दाखवायचा.”

“त्यात खाडा कोण मांडतं?”

ते तिला माहीत नव्हतं. बाळकाकाने तिला मोबाइल काढायला लावला आणि त्या दिवसापर्यंतच्या हजेरीचे फोटो काढून काकीच्या, आईच्या आणि स्वतःच्या मोबाइलवर पाठवायला लावले. आता हे दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी करायचं, असं ठरलं आहे. ती विसरली तर फोन करायचं काम आईकडे दिलं आहे.